गार चावी

१

आमच्याकडे विभागाची चावी टेबलावर ठेवत नाहीत, खुंटीला अडकवत नाहीत, फेकत तर मुळीच नाहीत. ती एका हातातून दुसऱ्या हातात जाते. देणारी म्हणते, "सांभाळ." घेणारी म्हणते, "सांभाळलं." एवढं झालं की एकीची ड्युटी सुटली आणि दुसरीची सुरू झाली. मधे जाळीचं दार असतं. जिची पाळी संपली ती आत, जी आली ती बाहेर, आणि चावी गजांमधून द्यायची. बाहेरचीने कुलूप उघडायचं, आतलीने बाहेर पडायचं, नवीने आत जाऊन कुलूप लावायचं. तुरुंगाच्या महिला विभागात भरती झाल्यावर पहिल्या दिवशी हेच शिकवतात, आणि निवृत्तीपर्यंत हात ते विसरत नाही.

ज्या हातात चावी, तिची ड्युटी. रिलीव्हर, म्हणजे पुढच्या पाळीची, आली नाही तर आतलीने आतच राहायचं. पूर्वी असं क्वचित व्हायचं. मग काही जणी निवृत्त झाल्या, काही सोडून गेल्या, नवी भरती कागदावरच राहिली, आणि डबल ड्युटी ही एके काळची अडचण रोजचा नियम झाली. सकाळी आत गेलेली मी दुपारी तीनला सुटायची, ती दिवे लागून गेल्यावर सुटू लागले. कुणी कुरकुर केली की मोठ्या मॅडम म्हणायच्या, "मला कळत नाही का? मीसुद्धा याच दारात उभी राहून वर आलेय. ॲडजस्ट करा." त्या 'ॲडजस्ट' शब्दाला कुणी जन्मठेप दिली असती तर साक्ष द्यायला मी पहिली गेले असते.

जाडीने ॲडजस्ट केलं नाही. जाडी म्हणजे आमच्यातली काडीपैलवान, दुपारच्या पाळीची. तिचं तान्हं बाळ पाळणाघरात तापाने फणफणलं, निरोपावर निरोप आले, रिलीव्हर काही आली नाही. शेवटी तिने चावी झाडूवालीच्या हातात दिली आणि धावत सुटली. दुसऱ्या दिवशी तिला घरी बसवलं. 'चावी सोडून जाणारीला माफी नाही' असा बोर्ड मॅडमनी स्वतः उभं राहून जाळीच्या दाराशेजारी ठोकून घेतला. दुपारची पाळी त्या दिवसापासून रिकामी. आधीच दुष्काळ, त्यात तेरावा महिना.

मला सगळे 'घाई' म्हणतात. तीन वाजत आले की माझे पाय आपोआप दाराकडे वळतात म्हणून. पण मला घाई कशाची होती ते कुणी विचारलं नाही. माझ्या आईला झटका येऊन गेला होता. हात-पाय हळूहळू परत आले, बोलणं आलं नाही. आयुष्यभराच्या शब्दांतला एकच मागे राहिला, तो म्हणजे 'उशीर'. पाणी हवं असलं तरी उशीर, डोळ्यांवर ऊन आलं तरी उशीर. मी रात्री घरात शिरायचे तेव्हाही ती मान वळवून तेच म्हणायची, आणि तेव्हा मात्र तो शब्द अगदी बरोबर असायचा.

तिला बोलायला शिकवणाऱ्या थेरपिस्ट ताई दुपारी चारला यायच्या. त्यांनी मला स्पष्ट सांगितलं होतं, "हे पहिले काही महिनेच खरे. आता जे परत येईल ते येईल, पुढे अवघड होत जातं. आणि माझ्याशी त्या कशाला बोलतील? ज्याच्याशी बोलावंसं वाटतं ते माणूस समोर हवं." नवरा घरीच शिवणकाम करतो, आईचं सगळं न सांगता करतो. पण जावयासमोर तोंड वेडंवाकडं करायला आई तयार नव्हती. ती ओठ मिटून बसायची. म्हणजे चार वाजता मी हवी होते, आणि चार वाजता मी गजांच्या आत असायचे.

२

त्या दुपारी मी लागोपाठ कितव्या डबलनंतर उभी होते कुणास ठाऊक. बूट काढले असते तर परत पायात गेले नसते, इतके पाय सुजले होते. तीनचे टोल पडले. मी कपाळ गजांना टेकवलं, डोळे मिटले, आणि काही विचार न करता चावी धरलेला हात बाहेर काढला.

"सांभाळ," मी म्हटलं.

मग कुणीतरी म्हणालं, "सांभाळलं."

हातातलं वजन गेलं. कुलूप फिरल्याचा आवाज आला, दार उघडलं. मी खाली मान घालून बाहेर पडले. बाजूने पॉलिश केलेले काळे बूट आत गेलेले दिसले, तेवढेच. बोळातला दिवा कित्येक दिवस बंद होता, तक्रार करूनही कुणी बदलला नव्हता. फाटक ओलांडून मी उन्हात आले. आणि उजेडात घरी जायचं म्हणजे काय असतं हे मी विसरून गेले होते हे तेव्हा कळलं. बसमध्ये खिडकी मिळाली. मी राणीसारखी बसले होते.

चारच्या आत घरी! आई पलंगावर उठून बसली होती. ताईंनी तिच्यासमोर कप धरला, चमचा धरला. आईने माझ्याकडे बघून ओठ हलवले. आवाज आला नाही, पण ओठ हलले. ताई माझ्याकडे बघून हसल्या. नवऱ्याने मशीन थांबवलं आणि दारात उभा राहून गुपचूप डोळे पुसले.

रात्री तो कप विसळताना माझा हात थांबला. मी चावी कुणाला दिली होती?

जाडी घरी बसलेली. दुपारची पाळी रिकामी. रात्रपाळीच्या मावशी तीनला येणं शक्यच नाही. मी ओल्या हाताने फाटकावर फोन लावला. फाटकावर दाढीवाले असतात, त्यांनी उचलला.

"महिला विभागात सगळं ठीक आहे ना?"

"ठीक म्हणजे एकदम ठीक. तू का धापा टाकतेस?"

"दुपारी कोण होतं तिथे?"

"होतं की कुणीतरी. मी आत फोन केला तर 'सगळं ठीक' म्हणाली. आता मावशी आल्यात." फोनमधून वहीची पानं उलटल्याचा आवाज आला. "मी तिला फाटकातून जाताना बघितलं नाही म्हणा. पण आवाज तुमच्यातलाच होता."

३

सकाळी मावशींनी गजांमधून चावी दिली. चावी कोमट होती, कायम असते तशी. रात्रभर मुठीत राहिलेलं लोखंड थंड कसं असेल?

"कोण गं ती नवी?" मावशींनीच विचारलं.

"मला काय माहीत? तुम्ही घेतलीत ना तिच्याकडून?"

"मी घेतली. बोलत नाही फारशी. चावी दिली, बाहेर आली आणि बोळातून आपल्या विश्रांतीच्या खोलीकडे गेली. झोपली असेल बिचारी." मावशी निवृत्तीला टेकलेल्या, चष्मा नाकावर, कशाला घाबरणाऱ्यातल्या नव्हेत. तरी त्या गजांना धरून उभ्याच राहिल्या. "एक सांगू? चावी गार होती गं. इतके तास हातात धरलेली चावी. विहिरीतून काढल्यासारखी गार."

मावशी गेल्या तरी ते माझ्या डोक्यातून जाईना. जेवणाच्या वेळी मी कैद्यांना काम वाटून देणाऱ्या बाईंना थोडा वेळ दारात उभं केलं आणि विश्रांतीची खोली बघायला गेले. बोळाच्या त्या टोकाला दोनच गोष्टी आहेत, एक ती खोली आणि पुढे भिंत. खोलीच्या कुलपावर गंज चढून ते एकजीव झालं होतं. आतल्या गाद्या केव्हाच कुणाच्या तरी बंगल्यावर गेल्या होत्या. मी खिडकीच्या फटीतून आत बघितलं. रिकाम्या लोखंडी खाटा, त्यांवर धूळ. धुळीवर बोटभरही खूण नव्हती.

माणसाचं मन म्हणजे वकील असतं. मी स्वतःला म्हटलं, वरून कुणीतरी पाठवली असेल. दुसऱ्या तुरुंगातून तात्पुरती आली असेल. मावशींना दिसत नाही धड. ऑफिसात जाऊन विचारलं तर तिथला कारकून म्हणाला, "आली असेल कुणीतरी. काम चाललंय ना? मग कशाला उकरून काढता?" म्हणजे त्यालाही माहीत नव्हतं.

तीन वाजले. मी या वेळी डोळे उघडे ठेवायचे ठरवलं होतं. अंधाऱ्या बोळात टोपी खाली ओढलेली एक आकृती आली आणि हात पुढे आला. मी चावी ठेवली. तिने कुलूप काढताच मी बाजूने बाहेर पडले आणि खरं सांगायचं तर मागे वळून बघितलं नाही. मला चारच्या आत घरी जायचं होतं.

४

ते दिवस फार सुखाचे गेले. खोटं कशाला बोलू? आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन, तशी माझी गत झाली. रोज तीनला सुटका. आई एकेक आवाज गोळा करत होती. एकदा माझ्याकडे बघून "मा" म्हणाली, एकदा "का". ताई म्हणाल्या, "येतंय, येतंय, सोडू नका." मला नवऱ्याने नवा ब्लाउज शिवून दिला, वर म्हणाला, "दिवसाउजेडी बायको दिसते हल्ली. बरी आहे दिसायला."

विभागातही तक्रार नव्हती. तिथल्या सगळ्यांत जुन्या कैदी आजी दिवसभर जुन्या चादरीचे दोरे काढून वेण्या घालत बसायच्या. मी सहज म्हटल्यासारखं विचारलं, "दुपारच्या बाई कशा आहेत हो?"

"बऱ्या आहेत. तुमच्यासारख्या ओरडत नाहीत."

"मी कधी ओरडले?"

"आत्ता ओरडलात तशा." आजींनी दोरा दातांनी तोडला. "पाणी मागितलं तर देतात. भांडण झालं तर मधे येऊन उभ्या राहतात, की आपोआप मिटतं. फक्त बसत नाहीत. खुर्ची आहे, पण बसत नाहीत. आणि डोळे उघडत नाहीत."

"म्हणजे?"

"म्हणजे उभ्याउभ्या झोपतात. झोपेतच फिरतात. आणि झोपेतच विचारतात, सारखं एकच."

"काय विचारतात?"

आजींनी आवाज खाली आणला. "रिलीव्हर आली का?"

आजींनी नक्कल केली ती माझ्या आवाजाची होती.

५

मग एके दिवशी मी डबा विसरले.

फाटकापर्यंत पोचले तेव्हा आठवण झाली. नवा डबा होता, नवऱ्याने हौसेने आणलेला. उद्या घेऊ म्हणाले असते तर ही गोष्टच झाली नसती. मी परत फिरले, बोळात शिरले, जाळीपाशी गेले. डबा आतल्या बाजूला, दाराला लागून असलेल्या बाकावर होता.

"अहो," मी म्हटलं, "तेवढा डबा द्या ना."

आतून पावलांचा आवाज आला. सावकाश, सुजलेल्या पायांनी चालावं तसा. गजांमधून हात बाहेर आला. हातात डबा नव्हता, चावी होती.

"सांभाळ," ती म्हणाली.

आमच्या त्या दाराला एक खोड आहे. कडी लावताना अंगठा सापडतो. पहिल्या महिन्यात प्रत्येकीचा सापडतो आणि जन्मभराची खूण राहते. माझ्या अंगठ्यावर चंद्रकोरीसारखा व्रण आहे. जाडीच्या अंगठ्यावर दोन ठिपके आहेत. मावशींचं नख मधोमध चिरलेलं आहे. माझ्यासमोर आलेल्या त्या एका अंगठ्यावर चंद्रकोर होती, दोन ठिपके होते, नख मधोमध चिरलेलं होतं. आणि आणखी कितीतरी खुणा होत्या, जुन्या, पांढऱ्या पडलेल्या, माझ्या आधी नोकरी करून गेलेल्यांच्या असाव्यात अशा.

मी वर बघितलं. टोपीखालचा चेहरा अर्धाच दिसला. गाल, मिटलेली पापणी, पापणीखाली झोप न झालेल्या माणसाचं काळं वर्तुळ. ओळखीचं वाटलं, पण कुणाचं ते सांगता येईना.

"सांभाळ," ती परत म्हणाली. चावी माझ्या बोटांना लागली. मावशी म्हणाल्या होत्या ते खरं होतं. गार. इतकी गार की मला वाटलं ती कुणाच्याच हातात नव्हती, कधीच.

माझा हात उघडायला लागला होता, देवाशपथ सांगते. नोकरीने शिकवलेला हात, समोर चावी आली की उघडतो. तोंडात शब्दही आला होता. मी दोन्ही हात झटकन पाठीमागे नेले आणि एकमेकांत घट्ट धरून ठेवले.

"माझी पाळी संपली," मी म्हटलं. "मला घरी जायचंय. आई वाट बघतेय."

हात तसाच राहिला. मिटलेली पापणी थरथरली. राग नव्हता त्यात. एखादीला सुट्टी नाकारली की तिचा चेहरा होतो ना, तसं काहीतरी. मग हात आत गेला.

फाटकावर दाढीवाले फोन ठेवत होते. मला बघून दचकले. "अगं, तू बाहेर कशी? आत्ता आतून तूच बोललीस ना? 'रिलीव्हर आली का' म्हणून?"

मी तशीच धावत जाऊन बस पकडली. घरी पोचेपर्यंत भीती उतरली आणि तिच्या जागी भलतंच काहीतरी आलं. मला तिची दया आली. ती काही मागायला आली नव्हती. रिकाम्या जागेत कुणीतरी उभं राहायला हवं होतं म्हणून ती उभी होती, आणि तिलाही आमच्यासारखंच सुटायचं होतं. पण तिच्या जागी उभी कोण राहणार? मी? आईला तसंच सोडून?

६

दोनच दिवसांनी मोठ्या मॅडमनी बोलावलं. त्यांच्या टेबलावर फुलदाणी होती, खिडकीत एक शिपाईण झाडांना पाणी घालत होती, दुसरी फायली लावत होती. दोघी भरती झाल्या होत्या आमच्या विभागासाठी. गणवेशातल्या आणखी काही जणी मॅडमच्या आणि वरच्या साहेबांच्या बंगल्यांवर होत्या, हे सगळ्यांना माहीत होतं. उघड्या डोळ्यांनी दिसत होतं ते बोलायची मात्र सोय नव्हती.

"घाई, तुझं दुपारचं बरं चाललंय म्हणे," मॅडम म्हणाल्या. "आता तिथली सोय झालीय, तर उद्यापासून तीनला सुटलीस की दवाखान्याच्या वॉर्डात डबल करायचं."

"मॅडम, आईचे हे महिने गेले तर ती कधीच बोलणार नाही. ताईंनी सांगितलंय."

"प्रत्येकीच्या घरी कुणीतरी आहे. ॲडजस्ट कर."

मग मी खरं तेच सांगितलं. "मॅडम, दुपारच्या पाळीला कुणी नाहीये."

"कुणी नाही?" त्या हसल्या. "मग काम भुतं करतात का? एक तक्रार नाही, एक भांडण नाही. मी तर वर कळवलंय, आमच्याकडे जागा भरायची गरज नाही. जाडीचा अर्जही त्यामुळेच परत पाठवला."

म्हणजे ती तिथे उभी राहिली की आमच्या जागा कायमच्या बुडणार होत्या, आणि आमच्या जागा बुडाल्या की ती कायमची उभी राहणार होती. माझं डोकं तापलं. पण वरिष्ठांसमोर शहाणपण चालत नाही. मी एवढंच म्हटलं, "मॅडम, एकदा तीन वाजता येऊन स्वतः बघा. एवढं चांगलं काम करते, शाबासकी तरी द्या."

"येईन की," मॅडम म्हणाल्या. शाबासकी द्यायला त्यांना आवडायचं. त्याला खर्च नसतो.

७

दुसऱ्या दिवशी टोल पडले, ती आली, मी चावी दिली. ती आत गेली, कुलूप लावलं. मी बोळातच भिंतीला टेकून थांबले. आज मला बस पकडायची नव्हती, दवाखान्याच्या वॉर्डात जायचं होतं. घरी ताई यायला निघाल्या असतील हा एकच विचार डोक्यात होता.

बुटांचा खाडखाड आवाज आला. मॅडम आल्या, कानाला मोबाईल, तोंडाने अखंड बोलणं. "नाही हो साहेब, आमच्याकडे माणसांची काही अडचण नाही... छे छे, उत्तम चाललंय..." माझ्याकडे बघून त्यांनी 'अजून इथेच?' अशी भुवई उडवली आणि जाळीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. मोकळ्या हाताने गज वाजवले. "उघड गं."

आतून तीच सावकाश पावलं आली. दार उघडलं नाही. गजांमधून हात बाहेर आला, हातात चावी.

"सांभाळ."

मला ओरडता आलं असतं. मी तोंड उघडलंही होतं. पण मग मला जाडीचं बाळ आठवलं, माझ्या आईचे ओठ आठवले, आणि मी तोंड मिटलं. तसंही बोलायची पाळी माझी नव्हती.

मॅडमनी बघितलंच नाही. त्यांचे डोळे छताकडे, लक्ष साहेबांकडे. पण हात त्यांचाही याच दारात शिकलेला होता. समोर चावी आल्याबरोबर तो उघडला. अंगठ्यावरचा जुना व्रण मला दिसला. चावी तळहातावर पडली आणि फोनवरचं बोलणं मधेच थांबवून त्यांच्या तोंडाने आपसूक म्हटलं, "सांभाळलं."

तितक्याच सवयीने त्यांनी कुलूप काढलं, दार उघडलं, आत पाऊल टाकलं, मागे वळून कुलूप लावलं. आणि वळताना बाहेर पडणारीचा चेहरा त्यांच्या अगदी जवळून, वीतभर अंतरावरून गेला. त्यांना काय दिसलं ते त्यांनी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. फोन मात्र फरशीवर पडून फुटला.

ती माझ्या समोरून गेली. विश्रांतीच्या खोलीकडे नाही, फाटकाकडे. तिची पावलं आधी जड होती, मग हलकी झाली, आणि वळणावर तर ती जवळजवळ धावत होती.

"घाई!" मॅडमचा आवाज चिरकला. त्यांनी गजांमधून चावी बाहेर काढली. "घाई, ही घे! घे म्हणते ना!"

मी हात पाठीमागे नेले. "माझी पाळी संपली, मॅडम."

"मी तुझी अधिकारी आहे!"

"हो. पण चावी तुमच्या हातात आहे. आणि बोर्ड तुमच्या शेजारीच आहे." मी जन्मात इतक्या नम्रपणे बोलले नव्हते. "रिलीव्हर आली की सुटाल."

"कोण येणार? इथे माणसं कुठेत?"

त्या हे म्हणाल्या आणि स्वतःच गप्प झाल्या. मग आतून आजींचा शांत, प्रेमळ आवाज आला.

"बाई, ॲडजस्ट करा."

पहिल्यांदा एक हसली, मग दुसरी, मग सगळी बराक हसायला लागली. वर्षानुवर्षं कोंडून ठेवलेल्या बायका कडी काढल्यासारख्या हसत होत्या. भांडी वाजली, टाळ्या पडल्या. ते हसणं माझ्या पाठीवर थाप मारत मला फाटकापर्यंत घेऊन आलं. दवाखान्याचा वॉर्ड डाव्या हाताला होता. मी सरळ गेले.

"आज वेळेत?" दाढीवाल्यांनी विचारलं. मग हळूच म्हणाले, "तुझ्या आधी कुणीतरी गेलं बघ इथून. मी वर बघेपर्यंत बाहेर. पण जाताना म्हणाली, 'येते काका.' मला इतक्या वर्षांत असं कुणी म्हटलं नव्हतं."

८

पुढचं सांगून टाकते, म्हणजे जीव टांगणीला राहायला नको. मावशींची नेमकी त्या रात्री रजा होती, त्यामुळे मॅडमना बाहेर पडायला दुसरी सकाळ उजाडली. रात्रभर त्या विभागातल्या फोनवरून माणसं गोळा करत होत्या, आणि गंमत म्हणजे माणसं होती! फायली लावणारी आली, बंगल्यांवरच्या आल्या, झाडांना पाणी घालणारी आली. जाडीला सन्मानाने परत बोलावलं. बोर्ड कुणीतरी काढला, कुणी ते कुणी विचारलं नाही. बोळातला दिवा बदलला. आता आम्ही चावी देताना एकमेकींच्या तोंडाकडे बघतो, नीट, डोळ्यांत डोळे घालून. चावी रोज कोमट असते. आणि 'ॲडजस्ट' हा शब्द मॅडमच्या तोंडून परत आला नाही.

पण मला सांगायचंय ते त्या दुपारचं.

बसथांब्यावर ती उभी होती. भर उन्हात, लोकांच्या रांगेच्या जरा बाजूला, टोपी हातात घेऊन. एक बस आली, गेली. दुसरी आली, गेली. तिला कुठली पकडायची ते कळत नसावं. मला तिच्याजवळ जायची भीती वाटायला हवी होती. वाटलीही. तरी मी गेले, कारण पाळी संपलेल्या बाईला थांब्यावर एकटं सोडत नाहीत, आमच्यात तशी रीत नाही. मी तिच्याकडे न बघता शेजारी उभी राहिले.

"सुटली ड्युटी," मी म्हटलं. "आता कुणी बोलावणार नाही. जा घरी, बाई."

तिने डोळे उघडले असावेत. मला दिसलं नाही, पण समोरच्या म्हाताऱ्या माणसाने तिच्याकडे बघितलं आणि तो ओळखीचं कुणी भेटावं तसा हसला. मग माझी बस मधे आली. मी चढून खिडकीतून बघितलं तर थांब्यावर फक्त ऊन होतं.

घरी पोचले तेव्हा ताई चपला काढत होत्या. मी आईसमोर बसले. आईने नेहमीसारखा माझा हात हातात घेतला आणि अंगठ्यावरची चंद्रकोर चाचपायला लागली, तो तिचा रोजचा चाळा. तिची बोटं फिरली, थांबली, परत फिरली. मी खाली बघितलं. अंगठा स्वच्छ होता. नोकरीच्या पहिल्या महिन्यात आलेली ती खूण नव्हती, जणू कधी नव्हतीच.

मी घाबरून वर बघितलं. आईच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. ती भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होती. मग माझ्याकडे. तिचे ओठ हलले, वाकडे झाले, परत सरळ झाले. जावई दारात उभा होता तरी तिने पर्वा केली नाही.

"वे," आई म्हणाली. "वेळे..."

मी तिचे दोन्ही हात धरून ठेवले होते.

"वेळेवर आलीस," आई म्हणाली.